मागलं चाक

"किती वेळ लागंल?" विठूने तिसऱ्यांदा विचारलं, आणि अजून तर ट्रॅक्टरला जॅकसुद्धा लागला नव्हता.

सिराज टायरवाला उकिडवा बसून मागलं चाक बघत होता. माणसाच्या छातीएवढं चाक, पार बसलेलं. राहनाळच्या फाट्याला, ठाण्याच्या रस्त्यावर त्याचं दुकान. दुकान म्हणजे चार पत्रे, पाण्याची टाकी आणि जुन्या टायरांची चळत. गिऱ्हाइकाची घाई त्याच्या अंगवळणी पडली होती. पण हा म्हातारा शेतकरी दोन पावलं चालायचा, परत फिरायचा, रस्त्याकडे बघायचा. एका जागी ठरेल तर शपथ.

"तासाभरात होईल," सिराज म्हणाला. तेव्हा ते खरंच होतं. साडेदहा वाजत होते.

मग विठूने विचारलं, सकाळी इथून एका पोरीने बस पकडली का. हिरवं पातळ, बरोबर एक उंच पोरगा.

सिराजचा हात जॅकवर थांबला. ती दोघं नऊलाच दुकानासमोरच्या थांब्यावर आली होती. पोरगा भिवंडीच्या यंत्रमागावरचा असणार, केसांत कापसाचे तंतू होते. त्याने सिराजला वेळ विचारली आणि न विचारता सांगूनही टाकलं, की ठाण्याच्या कचेरीत लग्न लावायचंय, शनिवार आहे, एकला बंद होते. पोरगी मात्र भिवंडीच्या बाजूला डोळे लावून उभी. दोन बस तिने तशाच जाऊ दिल्या. तिसरीत पोराने तिला हाताला धरून चढवलं, तेव्हाही ती मागेच बघत होती. मागून कोणीतरी येईल या धास्तीने तिचा जीव अर्धा झाला होता, हे सिराजला लांबूनही दिसलं होतं.

तो कोणीतरी आता समोर उभा होता. पायाला शेतातला चिखल आणि ट्रॅक्टरच्या सीटमागे कोयता.

"नाही पाहिली," सिराज म्हणाला.

"माझी पोरगी हाय ती. चंद्रा." विठूने टोपीने घाम पुसला. "सोमवारी लगीन हाय तिचं. माझ्या थोरल्या भावानं जमवलंय. दारात मांडव घातलाय. एकच्या आत ठान्याला पोचलो न्हाय, तर सगळं संपलं."

सिराजने जॅक लावला. आठ वर्षांपूर्वी त्याची बहीण रुकय्या अशीच निघाली होती. अब्बांनी सिराजला मागे धाडलं आणि त्याने कल्याण स्टेशनात तिला गाठून घरी आणलं. महिन्याभरात तिचा निकाह दुसरीकडे लावून दिला. आजही ती ईदला माहेरी येते, सगळ्यांशी बोलते, सिराजपुढे मात्र पाण्याचा पेला ठेवून निघून जाते. ते पाणी सिराजच्या घशाखाली उतरत नाही.

एक वाजेपर्यंत याला इथेच अडकवायचं. तेवढंच तर करायचं होतं.

ट्रॅक्टरला वजन यावं म्हणून मागल्या ट्यूबमध्ये पाणी भरतात. आधी ते काढावं लागतं. सिराजने व्हॉल्व्ह असा धरला, की पाणी करंगळीएवढ्या धारेने येत राहिलं. विठूला बघवेना. म्हणाला, ट्रॅक्टर राहू दे इथेच, मी आपला बसने जातो. अकराची बस समोरून येतच होती.

"बसला कुठे लटकता काका," सिराज म्हणाला. "कशेळीच्या पुलावर ट्रकची रांग लागलीय, बस तासभर अडकेल. ट्रॅक्टर कडेकडेने निघतो. अर्ध्या तासात देतो ना."

विठूने वर केलेला हात खाली घेतला. बस गेली.

ट्यूब निघाली. टाकीत बुडवताच छिद्र सापडलं. सिराजने त्यावर अंगठा दाबला, ट्यूब दोनदा फिरवली आणि डोकं खाजवलं. पॅच ओल्या सोल्यूशनवरच चिकटवला, म्हणून तो सुटला. पुन्हा लावला. टायर चढवायची पहार हरवली, ती शोधण्यात वीस मिनिटं गेली. पंधरा वर्षांत त्याने इतकं वाईट काम केलं नव्हतं, आणि इतकं मन लावूनही केलं नव्हतं.

बाराची बस खच्चून भरून आली आणि थांबलीच नाही. विठू ट्रकना हात करत राहिला. एकदा तर पायीच ठाण्याच्या दिशेने चालू लागला आणि वळणावरून परत आला. सिराजला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा रागही आला. अब्बाही त्या दिवशी असेच येरझारा घालत होते.

चाक बसून हवा भरली, तेव्हा शेजारच्या चहावाल्याच्या घड्याळात सव्वा वाजून गेला होता. विठू ट्रॅक्टरवर चढलाच नाही. नुसता चाकाला हात लावून उभा राहिला.

सिराजला आता लपवण्याची गरज वाटेना. कित्येक वर्षांनी छाती हलकी झाली होती. रुकय्याला चिठ्ठी लिहावी, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

"काका, मारायचं तर मला मारा," तो म्हणाला. "पोरीला मी पाहिलं होतं. वेळ मीच मुद्दाम काढला. लागलं असेल आता त्यांचं लग्न. तिला काही करू नका. आशीर्वाद द्या."

 विठू खाली मातीत बसला.

"भावाला कळू नये, म्हनून नांगरटीला जातो सांगून निघालो रं मी," तो म्हणाला. "तिच्या जल्माचा दाखला न्हाय. कचेरीतला सायब बोलला, बापानं समोर येऊन वय सांगितल्याबिगर मी ह्यांचं लगीन लावनार न्हाय."