शिडीचं वजन

“वा, इंजिनियरीणबाई! तुमचा माणूस तर थेट गच्चीवर पोचला!”

गणिताचे मास्तर उस्ताद वगीह यांनी रिहाबचा पेपर वर्गापुढे फडकवला. इजिप्तमधल्या मल्लवी गावच्या मुलींच्या शाळेतली गणित शाखा खो खो हसली. मेकॅनिक्सच्या चाचणीतला शेवटचा प्रश्न शिडीचा होता. गुळगुळीत भिंतीला टेकलेली शिडी, खाली खरखरीत जमीन, वर चढणारा साठ किलोचा माणूस. शिडी घसरायच्या आत तो कुठवर चढेल? चोवीस मुलींनी लिहिलं होतं, तीन चतुर्थांश. एकट्या रिहाबने दोन पानं आकडेमोड करून लिहिलं होतं, ‘माणूस अगदी वर पोचतो. शिडी घसरत नाही.’

“उस्ताद, पण शिडीचं...” रिहाब उभी राहिली.

“आधी प्रश्न वाचायला शीक, पोरी. मग चढ शिडीवर.”

ती खाली बसली. प्रश्न दहा गुणांचा होता. तिथे भोपळा मिळाला आणि ती नापास झाली.

उस्तादांना तिचा इतरांपेक्षा जास्त राग आला होता. तीस वर्षं पोपटपंची ऐकून त्यांचे कान किटले होते. जाडजूड गाइड घोकायचं आणि पेपरात ओकायचं, एवढंच या पोरींना माहीत. रिहाब मात्र पहिल्या दिवसापासून ‘का’ विचारायची. हिच्यातून काहीतरी निघेल असं त्यांना वाटलं होतं. आता तेही गेलं.

शाखा बदलायचा आजचा शेवटचा दिवस होता. रिहाबचे वडील फॉर्म घेऊन मास्तरांच्या खोलीत उभे होते. सगळे त्यांना अम्म मुतवल्ली, म्हणजे मुतवल्लीकाका म्हणायचे; ते गावात घरं रंगवायचे. नखांतला चुना कधी निघायचा नाही. पोरीला इंजिनियर व्हायचं होतं, आणि मेकॅनिक्स सुटलं की तो दरवाजा कायमचा बंद. घरात वाद झाला होता आणि शेवटी ठरलं होतं, उस्ताद म्हणतील ते खरं.

“मला यातलं काही कळत नाही, उस्ताद. जमेल का तिला, एवढंच सांगा.”

रिहाब बापाच्या मागे उभी होती. ती उस्तादांकडे बघत होती.

“नाही जमणार, अम्म मुतवल्ली. शिडी घसरते हेसुद्धा तिला कळत नाही.”

“बरं,” मुतवल्ली म्हणाले. मग पोरीकडे वळून त्यांनी उगाच हसायचा प्रयत्न केला. “घरात शिडीवर चढणारा मी आहे की. एक पुरे.”

कोणी हसलं नाही. उस्तादांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘विद्यार्थिनी प्रश्न समजून घेत नाही,’ आणि सही ठोकली. बापलेक निघाले. शिक्षण कार्यालय दोनला बंद होणार होतं, आणि एकदा शिक्का पडला की माघार नाही असा नियम होता.

उस्ताद दुसऱ्या वर्गाच्या चाचणीच्या प्रती काढायला उठले. झेरॉक्सच्या यंत्रावर त्यांचा चहाचा ग्लास असायचा, रोजच्यासारखा. तो बाजूला ठेवून त्यांनी झाकण उचललं. काचेवर चहाचा एक थेंब वाळून चिकटला होता. त्यांनी तो नखाने खरवडला. खरवडता खरवडता त्यांचा हात थांबला.

अरबीत शून्य म्हणजे नुसता एक ठिपका. उस्तादांनी शिडीचा प्रश्न काढून बघितला. शिडीचं वजन त्यांनी वीस किलो लिहिलं होतं, दोनाचा आकडा आणि पुढे एक ठिपका. याच यंत्रावर काढलेल्या प्रतीवर ठिपके दोन होते. दोनशे. त्यांनी गठ्ठा पसरला. पंचविसच्या पंचवीस कागदांवर दोनशे.

त्यांनी पेन्सिल घेतली. हे गणित त्यांनी कित्येक वर्षांत सोडवलं नव्हतं, नुसतं तपासलं होतं. दोनशेची शिडी जागची हलेना. माणूस वरच्या टोकाला पोचला. चोवीस मुलींनी गाइडातलं उत्तर उतरवलं होतं, आणि त्यांनी त्याच गाइडातून गुण दिले होते. रिहाबच्या पेपरात समासात बारीक अक्षरांत एक ओळ होती. ती त्यांनी आत्ता पहिल्यांदा वाचली. ‘ही शिडी फारच जड आहे. माझ्या वडिलांची वीसचीच आहे.’

त्यांनी फोन लावला. दोन वाजायला दहा मिनिटं होती.

“झालं, उस्ताद!” मुतवल्ली म्हणाले. “आत्ताच शिक्का पडला. अल्ला तुमचं भलं करो.”

“फॉर्म परत मागा. विचारा तिथे, लगेच विचारा.”

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग खिडकीतल्या बाईचा आवाज स्पष्ट ऐकू आला. “शिक्का काय आता साबणाने धुऊ, चाचा? पुढचा माणूस!”

“रिहाबला द्या,” उस्ताद म्हणाले.

“बोला, उस्ताद.”

“पोरी, कागदावर दोनशे होतं. तू बोलली का नाहीस?”



“मी उभी राहिले होते, उस्ताद. तुम्ही म्हणालात, आधी प्रश्न वाच.” तिच्या आवाजात राग नव्हता. “मी तोच वाचला होता.”