एका बोटाची फट

पालखी उचलली गेली आणि एर्लिंडाच्या खांद्यावर काहीच आलं नाही.

तिने दात आवळून ठेवले होते. दर वर्षी गुड फ्रायडेला दुःखी मरियामातेची पालखी खांद्यावर टेकली, की पहिल्या धक्क्यालाच डोळ्यांपुढे अंधारी यायची. आज बँडने शोकाची धून धरली, दोन्ही बाजूंच्या बायका एका लयीत डावी-उजवीकडे झुलत निघाल्या, रस्त्यावरचा रंगीत भुशाचा गालिचा पायांखाली विस्कटू लागला. आणि एर्लिंडा आपली रिकामी पिशवी घेऊन बाजाराला निघाल्यासारखी चालत होती.

‘मातेनेच हलकं केलं,’ तिच्या मनात आलं. अंगावर काटा आला. तिचा एदिन राजधानीच्या हॉस्पिटलात बेशुद्ध पडून होता. बस दरीत गेली त्या दिवसापासून त्याने डोळा उघडला नव्हता. एर्लिंडा नवस बोलली होती : यंदा कितीही थकले तरी तुझा भार खांद्यावर घेईन, पण माझ्या पोराला उठव. म्हणजे नवस पोचला की काय? कुणाला तरी विचारल्याशिवाय तिला राहवेना.

"ओफेलिया," तिने मान न वळवता मागच्या बाईला हाक मारली, "आज तुला माता हलकी लागते का गं?"

"हलकी?" ओफेलियाला धाप लागली होती. "मावशी, बोलायला लावू नका. इथं जीव चाललाय माझा."

"वर्षभर मक्याच्या तमाली हाणल्यास ना, त्या येऊ देत आज कामाला," पलीकडून कोणीतरी पुटपुटलं. काळ्या पोशाखातल्या दोघी-तिघी फिस्सकन हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या.

एर्लिंडा विचारात पडली. चमत्कार झाला असेल, तर तो एकाच खांद्यापुरता कसा? तिने मोकळा हात वर नेला आणि खांदा आणि लाकूड यांच्यामध्ये बोट घालून पाहिलं. बोट आरपार गेलं. मग तिने पुढे पाहिलं, मागे पाहिलं. दोघीही तिच्याहून बोटभर उंच. गेल्या वर्षी या दोघी तिच्या आसपासही नव्हत्या.

खांद्यांची जुळणी चोनिताकडे असे. त्यासाठी तिच्याकडे एक गाठी मारलेली दोरी होती. चोनिता प्रत्येकीचा खांदा मोजायची आणि सारख्या उंचीच्या बायका एकत्र लावायची, म्हणजे भार सगळ्यांवर सारखा. तिचं माप चुकल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. एदिनची धर्ममाताही तीच. आत्ता ती ओळ सांभाळत पालखीच्या कडेने चालत होती.

"चोनिता, माझं माप चुकलंय तुझं."

"चुकलेलं नाही." चोनिताने तिच्याकडे बघितलं नाही.

"अगं, बोट जातंय मधून!"

"जाऊ दे की. तुझ्या वाटचं आम्ही घेतलंय. सगळ्यांना विचारून केलंय मी. आरशात बघितलंस का इतक्यात? काय उरलीयस तू! नुसती चाल, बाई."

"आणि माझा नवस?"

"देवाची आई काय तराजू घेऊन बसलीय? तिला कळतं सगळं."



"तिला कळतं गं," एर्लिंडा म्हणाली. "तुम्हाला कळत नाही. तिकडे मला कशालाच हात लावू देत नाहीत. काचेच्या बाहेर बसवतात. त्याचं तोंड पुसायला नर्स, कूस बदलायला नर्स. मी आपली हात मांडीवर ठेवून बसते दिवसभर. इथं तरी मला काहीतरी उचलू दे."

चोनिता जागच्या जागी थांबली. पालखी थांबली नाही, म्हणून मग तिला धावत गाठावं लागलं. धावता धावताच तिने डोक्यावरची पांढरी जाळीची ओढणी ओढून काढली. गुड फ्रायडेला, भर रस्त्यात, उघडं डोकं! एका दारात उभी असलेली म्हातारी "अगं, अगं!" करत राहिली. चोनिताने ओढणीची घडीवर घडी घातली, झुलताना लाकूड जरा वर जाईपर्यंत वाट पाहिली आणि घडी फटीत सारली.

लाकूड खाली आलं. एर्लिंडाचा गुडघा किंचित वाकला, मान एका अंगाला कलली. तिच्या छातीतून एक लांब श्वास बाहेर पडला. पाठोपाठ मागे ओफेलियाचाही.

"आली," एर्लिंडा म्हणाली.

"झेपतंय ना?" चोनिता तिच्या तोंडाकडे बघत बघत चालत होती. "थोडाच वेळ आता. कोपरा आलाच बघ, तिथं दुसऱ्या बायका खांदा देतील."

एर्लिंडाने डोळे मिटून घेतले होते.

"येऊ दे सावकाश," ती म्हणाली.