कासारआळीत कोण आलं होतं?

"ती नाही, तर मग कोण? नाव आण," फौजदार म्हणाला. "दिवस मावळेपर्यंत लोकांना थोपवतो. पुढचं माझ्या हातात नाही."

श्रीकृष्णानं चावडीच्या कोपऱ्यात पाहिलं. लाडकी भिंतीला टेकून बसली होती. कपाळावरचं रक्त वाळलं होतं. जामसरहून रोज डोक्यावर मोळी घेऊन जव्हारात येणारी ही बाई आठ दिवसांत भुताळी ठरली होती. कासारआळीत पाच पोरांना देवी आल्या, दोन गेली, आणि आळीला दगड मारायला कुणीतरी हवंच होतं.

"मी त मोळी टाकते न जाते, दादा," ती म्हणाली. "कोणाच्या पोराला हात नाय लावला."

"ठाऊक आहे मला."

त्याच्या बायकोच्या, वनमालेच्या, बाळंतपणात शेगडीला लाकडं हिनंच पुरवली होती, भर थंडीत, एक दिवसही न चुकता. अशा बाईला लोकांच्या हाती द्यायचं? छे! श्रीकृष्णाचं डोकंच तापलं.

बाहेर भास्कर उभा होता. खांद्यावर कॅमेऱ्याची तिपाई, त्यावर काळी शाल, चेहऱ्यावर लहानपणच्या देवीचे वण. दोघं नाशकात एकाच उस्तादाकडे फोटोची कला शिकले. श्रीकृष्ण जव्हारात येऊन संस्थानच्या सरदार मंडळींचे फोटो काढू लागला, भास्कर नाशकातच राहिला. गेल्या महिन्यात त्याची सात वर्षांची मुलगी आशालता तापानं गेली आणि तो कॅमेरा घेऊन मित्राच्या दारात येऊन उभा राहिला. श्रीकृष्णानं काही विचारलं नाही. काय विचारणार?

"राजवाडा कुणीही काढेल रे. मला मागच्या गल्ल्या दाखव," भास्कर म्हणाला होता. तीन आठवड्यांपूर्वी दोघं दिवसभर बाजारामागच्या आळ्या धुंडाळत फिरले होते. त्या दिवशी भास्कर पहिल्यांदा हसला होता. कासारआळीत पोरांचा नुसता गराडा पडला होता त्याच्याभोवती.

त्या दिवसाचे फोटो आता श्रीकृष्णाच्या खिशात होते. कुठलं पोर कुठल्या घरचं, हे त्यांवरून चटकन कळलं असतं.

पहिलं घर सकूचं. तिचा मुलगा चार दिवसांपूर्वी गेला होता. श्रीकृष्णाला फोटो दाखवायचा धीर होईना, पण तिनंच तो हातातून ओढून घेतला.

"हसतोय बघा कसा!" ती म्हणाली आणि फोटो छातीशी धरून रडत बसली.

"सकूबाई, लाडकी तुमच्याकडे मोळी टाकायची?"

"नाही हो. आम्ही गोवऱ्या जाळतो."

"मग तिला भुताळी का म्हणता?"

"सगळेच म्हणतात," सकू म्हणाली.

पुढे धोंडीबाईच्या दाराला कडुनिंबाचा पाला बांधला होता. आत दोन नातवंडं कण्हत होती. तिच्याकडेही लाडकी कधी गेली नव्हती. परसातलं आंब्याचं झाड पाडलेलं, त्याचंच लाकूड पुरत होतं. आणि कोपऱ्यावरच्या ज्या घरात लाडकी रोज मोळी टाकायची, तिथली चारही पोरं अंगणात विटीदांडू खेळत होती.

"बघितलंस?" श्रीकृष्ण जवळजवळ ओरडलाच. "जिथं ती जाते तिथं सगळी ठणठणीत! सुटली रे बाई, सुटली! आता फक्त खरं कोण ते कळू दे. गय करणार नाही मी त्याची."

भास्करनं गल्लीत तिपाई मांडली होती आणि शालीत डोकं खुपसलं होतं. फोकस लावायला तो फार वेळ घ्यायचा. "काच बघतोस की आत झोपतोस?" अशी थट्टा श्रीकृष्णानं त्या दिवशीही केली होती. "जुन्या कापडाला भोकं पडली होती," भास्कर म्हणाला होता. "हिच्यात थेंबभर उजेड शिरत नाही."

समोरच्या घरातून ठकी बाहेर आली. तिची सरू पदराआडून कॅमेऱ्याकडे बघत होती. पोरगी अगदी धडधाकट होती.

"ठकीबाई, आजारपण सुरू व्हायच्या आधी आळीत परकं कोण आलं होतं? नीट आठवा. एका बाईच्या जिवाचा प्रश्न आहे."

"परकं कोण येतंय इथं?" ठकी म्हणाली. "तुम्ही दोघं आला होता तेवढे. आमची सरू तर दोन दिवस रडत होती. सगळ्यांनी उलटी गल्ली बघितली, मलाच नाही बघायला मिळाली म्हणून. मी नेमकी विहिरीवर पिटाळली होती तिला."

"उलटी गल्ली?"

"अहो, तुम्हीच नाही का एकेकाला त्या काळ्या कापडाच्या आत घेतलंत? काचेवर सगळं उलटं दिसतं म्हणून? पाच जण गेली आत."

श्रीकृष्णानं खिशातून स्वतःच्या कॅमेऱ्यानं टिपलेला दुसरा फोटो काढला. कॅमेऱ्याभोवती पाच पोरं, खिदळणारी. सकूचा मुलगा सगळ्यांत पुढे. देवी आलेली तीच पाच.

तो तिपाईपाशी गेला. भास्कर अजून आतच होता.

"भास्कर, आशालता तापानंच गेली ना?"

शाल जराशी हलली.

"देवी डोळ्यांत उतरल्या होत्या रे तिच्या," आतून आवाज आला. "उजेड सोसेना. शेवटपर्यंत हीच शाल होती तोंडावर. धुतली नाही मी, तिचा वास आहे अजून."