सायलीचा पुरावा

“दावा बदल,” अंजू म्हणाली. “दुसरं काहीतरी लिही ना. नळाचं लिही, रस्त्याचं लिही.”

“नळाचं घेतलंय एकीनं. रस्त्याचं दोघांनी.” तिची लेक सायली उशीला टेकून पेन्सिल चावत होती.

संविधान दिन अगदी तोंडावर आला होता. नेकनूरजवळच्या सायलीच्या शाळेत सहावीला शिकवणाऱ्या वनमाला मॅडमनी ठरवलं होतं, यंदा पाठ केलेली भाषणं नकोत. उद्देशिकेतला एक शब्द घ्यायचा. त्याबद्दल आपलं म्हणणं एका वाक्यात मांडायचं. तो दावा. त्याखाली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लिहायचं. तो पुरावा. ‘मला वाटतं’ चालणार नाही.

वर्गातल्या सत्यमने लिहिलं होतं, आमच्या गावात बंधुता आहे, कारण बोअर आटले तेव्हा अंगदकाकांनी सगळ्यांना पाणी दिलं.

“सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला?” मॅडमनी विचारलं.

सत्यमने डोकं खाजवलं. “आमच्या गल्लीतल्यांना.”

“मग बंधुता गल्लीपुरतीच लिही की बाबा.”

सायलीने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा अंजू खूप हसली होती. बी.ए.ला तिला राज्यशास्त्र होतं. समता, स्वातंत्र्य, बंधुता, तिने पानंच्या पानं भरली होती. ‘कशावरून?’ असं मात्र तिला कुणी कधी विचारलं नव्हतं.

मग सायलीने आपलं वाक्य वाचून दाखवलं. ‘माझ्या घरात समता नाही.’

अंजूचं हसू तिथेच थांबलं.

“आधी मी ‘भारतात समता नाही’ असं लिहिलेलं,” सायली म्हणाली. “मॅडम म्हणाल्या, अख्खा भारत बघून आलीस का? जेवढं बघितलंस तेवढंच लिही.”

आणि सायलीने बघितला होता तो कप.

घरातले कप स्वयंपाकघरात मांडणीवर असत. हा एकटा बाहेर, पडवीतल्या कोनाड्यात. तो वेगळा घासायचा. चहा त्यात ओतायचा, पण हातात द्यायचा नाही. ओट्याच्या कठड्यावर ठेवायचा आणि मागे सरायचं. पिणारं माणूस कधी उंबरा ओलांडून आत आलेलं अंजूने पाहिलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी, रतनबाईंनी, हे शिकवलं आणि ती शिकली. भिंतीवर उद्देशिका फ्रेम करून लावलेल्या घरात.

“घरातलं असं बाहेर नेतात का, सायली? बाबांचा तरी विचार कर.”

समाधान, तिचा नवरा, त्याच शाळेत लिपिक होता. अजून कायम व्हायचा होता. कायम करायचं की घरी बसवायचं, हे संस्थेचे अध्यक्ष सुंदरराव आप्पा ठरवणार होते, आणि कार्यक्रमाला पाहुणेही तेच. भर मांडवात हे निघालं तर काय होईल?

“मग पुरावाच काढून टाक ना, आई,” सायली म्हणाली. “तू कप काढ. मी दावा बदलते.”

अंजू पोरीकडे बघतच राहिली. कालपर्यंत बुटाची लेस आपल्याकडून बांधून घेणारं लेकरू हे.

ती उठली, पडवीत गेली आणि तिने खरंच कप उचलला.

“ठिव गं तो!” रतनबाई खाटेवरून ओरडल्या. “उद्या चहा कशात देशील? लई शानी झालीस व्हय?”

अंजूने कप परत ठेवला. दारात उभी राहून सायली बघत होती.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडव भरला. समाधान माइकची वायर सांभाळत बाजूला उभा होता. सुंदरराव आप्पांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, “पोरांनो, खरं बोलायला भ्यायचं न्हाई. संविधान हाय आपल्या पाठीशी.”

टाळ्या पडल्या. सायलीचं नाव पुकारलं गेलं. बायकांच्या रांगेतून अंजूने तिला मानेनेच ‘नको’ म्हटलं.

सायली माइकसमोर उभी राहिली.

“दावा. माझ्या घरात समता नाही. पुरावा. आमच्या घरात एका माणसाचा कप वेगळा आहे. तो आमच्या कपांत ठेवत नाहीत. त्यातला चहा आई त्या माणसाच्या हातात देत नाही, खाली ठेवते. तो माणूस बाहेरच बसतो. हे मी खूप वेळा पाहिलं आहे. तुम्ही आलात तर तुम्हालाही दिसेल.”

पोरीने आवाज चढवला नव्हता. कुणाला नावं ठेवली नव्हती, रडली नव्हती. जे होतं ते नुसतं समोर मांडलं होतं, आणि आता ते कुणालाच हलवता येत नव्हतं. अंजूच्या मनात आलं, एवढं बळ असतं यात? आणि ते हिच्या हातात?

सुंदरराव आप्पा खुर्चीत पुढे सरकले. “शाब्बास गं वाघिणी! अन् समाधान, काय बे हे? शिकलेला माणूस तू. आजच्या जमान्यात माणसाला असं वागवता? लाज वाटाया पायजे.”

समाधानने मान खाली घातली.

“कोण हाय बाळ तो माणूस? नाव सांग, भिऊ नको. आत्ता बोलावून घेतो अन् इथं माझ्या शेजारच्या खुर्चीत बसवतो.”

सायलीने आईकडे पाहिलं. अंजूला खाली मान घातलेला समाधान दिसला. त्याची अजून कायम न झालेली नोकरी दिसली. मग तिने पोरीकडे बघून मान डोलावली. सांग.

“तुम्हीच की, आप्पा,” सायली म्हणाली. “आमच्या बौद्धवाड्यात आलात की तुम्हाला आमचे कप चालत नाहीत ना, म्हणून आजीनं तुमच्यासाठी तो वेगळा ठेवलाय.”