धाकटीच्या साड्या

“ताई, माझ्या साड्या फेकू नकोस हं. लेकीला गोधडी शिवून दे त्यांची,” धाकट्या बहिणीने शेवटच्या दुखण्यात बजावलं होतं, आणि गोधडीवाल्या थोरलीने तसा शब्द दिला होता. आज भाचीने त्या साड्यांचं गाठोडं सोडलं आणि गोधडीवालीला शिसारीच आली. पोपटीवर जांभळे ठिपके, केशरीला चंदेरी काठ, वर तेलकट डाग. शी! हल्ली तिला राखाडी नि बदामी सुती कापडाशिवाय काही खपत नसे. नाक मुरडत तिने साड्या आतल्या थरात भरायला घेतल्या आणि वर घालायला राखाडी कापड काढलं.

“अगं मावशी, मग आई दिसणार कुठे?”

“ऊब तिचीच ना? असलं ओंगळ माझ्या हातून वर लागायचं नाही. घेताना हिला डोळे होते की नव्हते?”

भाची बघतच राहिली. “आई कधी दुकानात गेली गं? लग्नापासून सगळ्या साड्या तूच तर आणायचीस. रंग निवडावा तर ताईनंच, म्हणायची.”

गोधडीवालीची शिसारी गेली नाही, पण ती आता धाकटीवर काढता येईना. तिने राखाडी कापड आत सरकवलं, पोपटी साडी वर पसरली आणि सुईत दोरा ओवला.