प्लायमागची भिंत

शानबोरने कोयत्याचं टोक प्लायच्या फटीत घातलं आणि जोर लावला. खिळे करकरत निघाले. मागच्या लाकडी भिंतीवर बुरशी अशी माजली होती, की बोट लावलं तर रुतावं. सोहरात, म्हणजे चेरापुंजीत, पावसाला खंड नव्हता. घरातल्या मिठाचंसुद्धा पाणी झालं होतं.

पलीकडे स्वयंपाकघरात चुलीशी इबानरी दाफीला मांडीवर घेऊन बसली होती. दोन वर्षांची पोर, श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जात. सकाळी तिचे ओठ निळे पडले, तेव्हा तिच्या बापाने, शानबोरने, कुणाला न विचारता कोयता उचलला.

विचारायचं होतं ते इबानरीच्या मामांना. खासी घर धाकट्या लेकीचं, म्हणून हे घर इबानरीचं. पण त्यातला खिळाही मामाच्या शब्दाशिवाय हलत नाही, आणि जावई तर जन्माचा परका. गेल्या हिवाळ्यात सोयरे यायचे होते म्हणून स्टारवेलमामांनी बुरसटलेली भिंत खरवडायचं सोडून तिच्यावर चकचकीत प्लाय ठोकून घेतलं होतं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? शानबोरने विनवलं होतं, बुरशी पोरीच्या छातीत जातेय, हे काढू या. भिंत आमच्या कुळाची आहे, तू तिला पाठ टेक आणि गप्प बस, असं उत्तर मिळालं होतं.

आवाज ऐकून मामा मागच्या दाराने स्वयंपाकघरात आले. उचकटलेली फळी त्यांनी बघितली, चुलीतलं जळतं लाकूड उपसलं आणि सरळ आत येऊन शानबोरच्या कानशिलावर हाणलं. केस जळल्याचा वास सुटला.

"निजायला जागा दिली, तर घर मोडायला निघालास?"

शानबोरच्या हातून कोयता पडला. त्याने मामांची गळपट्टी धरली आणि त्यांना भिंतीवर आदळलं, पुन्हा आदळलं. फळी मधोमध फुटली, काळी भुकटी दोघांच्या तोंडावर उडाली. मामांचा दात पडला. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा हा माणूस. त्याने जावयाच्या अंगठ्याला हाडापर्यंत चावा घेतला. पलीकडे पोरीला खोकल्याची उबळ आली होती, ती या दोघांच्या कानी गेली नाही. अशा वेळी पुरुषांना कान नसतातच.

इबानरी पोरीला चुलीशी ठेवून आली. तिने खाली पडलेला कोयता उचलला.

"बाहेर व्हा. दोघंही."

मामा रक्त थुंकत म्हणाले, "पोरी, तुझ्या आईचा भाऊ आहे मी. माझ्यावर कोयता उगारतेस?"

"घर इबानरीचं, असं साऱ्या गावाला तुम्हीच सांगता ना मामा? मग निघा माझ्या घरातून."

कोयता मामांच्या कानाजवळून गेला आणि प्लायमध्ये रुतला. मामा निघाले. शानबोर म्हणू लागला, की पोर त्याचीही आहे. तिने त्यालाही ढकललं आणि दार लोटून घेतलं.

वळचणीखाली दोघं भिजत उभे राहिले. एवढ्या पावसातही आत भिंतीवर पडणारे कोयत्याचे घाव ऐकू येत होते. मधूनच ते थांबत, मग पोरीचा खोकला यायचा आणि घाव पुन्हा सुरू व्हायचे. मामांनी रुमालाने तोंडाचं रक्त पुसलं आणि तोच रुमाल शानबोरपुढे धरला. त्याने तो अंगठ्याला गुंडाळला.

घाव थांबले. दोघांनी कान दिले. खोकला आला नाही.

दाराला आतून कडी नव्हती. पण ते ढकलायला दोघांपैकी कुणाचाच हात पुढे झाला नाही.