डावी बाही

शेवटचं बटण लागलं आणि प्रेमलताने स्वेटर नवऱ्याच्या अंगात चढवला. ऐन मे महिना. गिरीज गावातल्या त्यांच्या वाडीत केळीचं पानसुद्धा हलत नव्हतं, आणि विद्याधर ओट्यावर स्वेटर घालून बसला होता. पातळ सुती धाग्याचा असला म्हणून काय, स्वेटर तो स्वेटरच!

"बघत काय बसलात? बाही उघडून बघा की," प्रेमलता म्हणाली.

एका बाहीला खांद्यापासून मनगटापर्यंत बटणं होती. डायलिसिसच्या खोलीतला एसी इतका बोचरा, की विद्याधर तिथून कुडकुडतच घरी यायचा. "मरेन, पण त्या बर्फात परत झोपणार नाही," म्हणून मागच्या खेपेला तो गेलाच नाही. डॉक्टर फोनवर भडकले. परवाचीही खेप चुकवली तर माणूस हातचा जाईल, असं त्यांनी रोखठोक सांगितलं. अर्धवट विणलेला स्वेटर पुरा करायला तेव्हापासून प्रेमलताने विणायच्या सुया खाली ठेवल्या नव्हत्या. सगळं अंग झाकलेलं राहील आणि सुई टोचायला तेवढा हात उघडा, अशी बाही तिने स्वतःच्या डोक्याने काढली होती.

विद्याधरने बटणांवरून बोट फिरवलं. मग दुसरा हात पुढे केला. त्या हाताची बाही मात्र सलग होती.

"सुया डाव्या हाताला टोचतात, प्रेमा."

स्वेटर समोर पसरून आपल्या डावीकडची ती डावी बाही, असं ती धरून बसली होती. घालणाऱ्याचं डावं-उजवं उलटं पडतं, हे उभा जन्म विणकामात गेलेल्या बाईला घाईत सुचलंच नाही!

"बघ, देवाच्याच मनात नाही," विद्याधर म्हणाला. सुटल्यासारखा हसलासुद्धा.

"देवाला मध्ये ओढू नका. चूक माझी आहे." तिने स्वेटर त्याच्या अंगातून ओढून काढला.

आवाज ऐकून सून अक्षदा दारात आली. "आई, सरळ कात्रीने चिरा ना. मी कडेने मशीन मारून देते."

"चिरलं की टाके सुटत जातील. उसवते आणि नव्याने घालते. परवापर्यंत एक बाही होते."

"आणि उजव्या बाहीची बटणं?"

"राहू देत. दोन्हीकडे बटणं."

"अगं, बँडवाला दिसेन मी!" विद्याधर ओरडला.

"दिसा. पण माझ्या डोळ्यांसमोर दिसा!" प्रेमलताचा आवाज चिरकला. तिने डाव्या बाहीच्या मनगटाशी गाठ शोधून धागा सोडवला. "हात पुढे करा."

लग्न झाल्यापासून धाग्याची लडी धरायचं काम त्याचंच. पुटपुटत त्याने दोन्ही हात पुढे केले. बाही सरसर उसवत गेली, आणि वाकडातिकडा झालेला धागा त्याच्या हातांभोवती फेऱ्यावर फेरे घेत राहिला. अक्षदा आत निघून गेली.

"गळ्याशी एक बटण वाढव," तो म्हणाला. "तिथला एसी सरळ मानेवर येतो."

प्रेमलताचा हात क्षणभर थांबला.

"वाढवते," ती म्हणाली. "हात खाली घेऊ नका."